फ्रेझर आपला कोण?

बॉक्सिंग हा शब्द कानावर पडायच्या आधी मी बॉक्सिंगची एक मॅच जिंकलो होतो. साल १९७४, उन्हाळा. बक्षीस चार आणे.

गाव गव्हाण, तालुका पनवेल, जिल्हा तेव्हाचा कुलाबा. आज गव्हाणच्या अंगावर उलव्याचे टॉवर आलेत आणि डोक्यावरून विमानं जातायत. तेव्हा खाडी होती, खाजण होतं, पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मीठ. आमच्या वाड्यातल्या बायका मिठागरावर जायच्या. आय टोपल्या वाहायची. मी दहा वर्षांचा, तिच्या मागं. मिठागर कुणाचं, कुठल्या बाजूचं, ते लिहीत नाही. मुकादम मेला, त्याची पोरं माझ्या पोरांच्या वयाची आहेत, आणि माझं भांडण त्याच्या नावाशी नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुकादमाकडे दोन-तीन पाव्हणे आलेले. सावलीला बसून कंटाळले असतील. मुकादमानं मला हाक मारली आणि कातकऱ्याच्या एका पोराला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चड्डीवर. मुकादम बोलला, "लढा. जो पाडेल त्याचे चार आणे." नाणं चिखलात टाकलं. पाव्हणे पुढं सरकून बसले.

आम्ही लढलो. का लढलो ते आजही मला नीट सांगता येत नाही. चार आण्यांसाठी लढलो म्हणावं तर ते अर्धंच खरं. मोठी माणसं बघतायत, नावानं हाक मारतायत, "मार रे महाराच्या" म्हणतायत, ह्याचीही नशा चढली होती. मी त्याच्या तोंडावर गुद्दा हाणला. त्याचा पुढचा दात गेला. रक्त मिठाच्या राशीवर पडलं तसा मुकादम ओरडला, "अरे मिठावर नको, तिकडं!"

मी नाणं चिखलातून उकरून काढलं. दोघांच्या आया डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर आयनं माझ्या कानाखाली जाळ काढला. "त्यानं तुझं काय खाल्लं व्हतं?" एवढंच विचारलं. उत्तर दिलं नाही म्हणून आणखी एक दिली.

ही माझी पहिली मॅच. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

आता मामाचं सांगतो. मामा गोदीत होता, वरळीला बीडीडी चाळीत राहायचा. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच, तिथून एसटी, असा यायचा. त्या वर्षीच्या जानेवारीत वरळी पेटली होती. ५ जानेवारीला पँथरच्या सभेवर हल्ला झाला, १० तारखेला परळला मोर्च्यावर दगड आला आणि भागवत जाधव गेला. मामा फेब्रुवारीत आला तो डोक्याला पट्टी बांधून. वाड्यातल्या म्हाताऱ्या रडल्या. मामा हसत होता. पट्टीखाली टाके होते आणि खिशात घडी केलेली पत्रकं होती.

तोच मामा दिवाळीच्या सुमारास आला तेव्हा वर्तमानपत्राचं एक पान घेऊन आला. त्यावर फोटो. एक काळा माणूस पडतोय आणि दुसरा काळा माणूस त्याच्याकडे बघत उभा आहे. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. महंमद अलीनं जॉर्ज फोरमनला आठव्या राउंडला झोपवलं होतं. मामानं ते पान भिंतीवर चिकटवलं, बाबासाहेबांच्या खाली, वीतभर अंतर ठेवून. आयनं विचारलं, "ह्यो कोन?" मामा बोलला, "अमेरिकेतला आपला मानूस."

आणि मग मामानं गोष्ट सांगितली. दोस्तहो, ही गोष्ट त्या काळात आपल्या प्रत्येक वस्तीत कुणीतरी कुणाला तरी सांगितली आहे. काळ्यांच्या मुलखात ब्लॅक पँथर झाले, १९६६ साली. त्यांचं नाव घेऊन १९७२ ला आपली पँथर झाली. अलीला सरकारनं सांगितलं, व्हिएतनामला चल, लढ. २८ एप्रिल १९६७, ह्यूस्टन. नाव पुकारलं, हा जागचा हलला नाही. विजेतेपद काढून घेतलं, पाच वर्षांची शिक्षा सुनावली. जामिनावर बाहेर राहिला, पण ऐन उमेदीची तीन वर्षं त्याला रिंगमध्ये पाय ठेवू दिला नाही. १९७१ ला वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली. "नाव पन मालकाचं टाकलं त्यानं," मामा बोलला. "कॅशियस क्ले होता. सोडलं." हे ऐकून आमच्या वाड्यातली माणसं मान डोलवायची. १९५६ ला आपणही काहीतरी टाकलं होतं. समजावून सांगायची गरज नव्हती.

मी दहा वर्षांचा पोरगा, अलीचा फॅन झालो तो असा. एक गुद्दाही न बघता.

बघायला मिळालं ते १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडला. गावात एका घरी टीव्ही आला होता. घर कुणाचं ते सोडून द्या. आत जागा नव्हती असं नव्हतं, पण आम्ही खिडकीशी उभे राहायचो. गजांना तोंड लावून. आत बसलेल्या पोरांची डोकी आणि त्यावरून दिसणारा अर्धा पडदा. त्या अर्ध्या पडद्यात कौरसिंगनं हेवीवेटचं सुवर्ण मारलं. हा तोच फौजी, जो १९८० च्या जानेवारीत दिल्लीत खुद्द अलीबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला होता. मी खिडकीतून एवढ्या जोरात ओरडलो की आतून कुणीतरी बोललं, "ए, हळू." हळू म्हणणाराही त्याच वेळी टाळ्या वाजवत होता. माझ्या टाळ्या तेवढ्या जास्त झाल्या.

पण त्या खिडकीत मला एक गोष्ट कळली, आणि ती कळली म्हणून मी खरा फॅन झालो. बॉक्सरला आधी काट्यावर उभं करतात. बावन्न किलोच्या पोरासमोर ब्याण्णव किलोचा गडी उभा करत नाहीत. एकासमोर एकच. दोघांच्या हातात सारखेच ग्लोव्हज. कमरेखाली मारायचं नाही. पडलेल्याला मारायचं नाही, दहा आकडे मोजायचे, तेवढ्यात उठला तर पुन्हा लढत. घंटा वाजली की हात खाली.

पांढरपेशे लोक म्हणतात, बॉक्सिंग हा रानटी खेळ. डोकी फुटतात, मेंदूला मार बसतो. मार बसतो हे खरंच आहे, अलीचं काय झालं ते पुढं सगळ्या जगानं बघितलं. १९८४ साली डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. पण साल्या, मारामारीला रानटी म्हणणारा तू, तुझ्या गावात वजन करून मारतात का? आमच्या माणसाला मारताना कधी कुणी काटा आणला? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगेंच्या घरावर जमाव गेला तेव्हा कोण मोजत होतं दहा आकडे? घंटा कुठं होती? रिंगच्या चार दोऱ्यांच्या आत जेवढा कायदा पाळतात तेवढा गावात पाळला असता तर आम्हाला चळवळीची गरज पडली नसती. म्हणून मला बॉक्सिंग आवडतं. मारामारी आवडते म्हणून नाही. सारख्या वजनाची मारामारी दुसरीकडं कुठं बघायलाच मिळाली नाही म्हणून.

गोऱ्यांना हे कळत होतं. १९०८ साली जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट विजेता झाला. ४ जुलै १९१० ला त्यानं रिनो गावी जेफ्रीज नावाच्या गोऱ्याला लोळवलं, त्या रात्री अमेरिकेत शहराशहरांत काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मेली. १९१२ ला तिथल्या सरकारनं कायदा करून अशा लढतींच्या फिल्मा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी घातली. काळा गोऱ्याला मारतोय हे काळ्यांच्या पोरांनी बघायचं नाही. खिडकीसुद्धा बंद.

इथपर्यंत सगळ्यांना पटेल. टाळ्या पडतील. आता पुढचं लिहितो, ते पटणार नाही.

१९८६ साली गावातला एक जण, जहाजावर नोकरीला होता, तो व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. अलीच्या लढती. भाड्यानं व्हीसीआर आणि कलर टीव्ही आणला, वाड्यात मोकळ्या जागेत मांडला. सगळा वाडा गोळा. मामा तेव्हा रिटायर होऊन गावी आलेला, त्याला पुढं खुर्ची दिली. आधी किन्शासा झालं. बारा वर्षं भिंतीवर पडत असलेला फोरमन त्या रात्री खरोखर पडला. पोरं नाचली. मग दुसरी लढत. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. अली विरुद्ध जो फ्रेझर.

सुरुवातीला अली बोलतोय. त्याच्या हातात रबराचा एक गोरिला आहे, तो त्याला ठोसे मारतोय. हा गोरिला म्हणजे फ्रेझर. इंग्रजी कुणाला कळत होतं? पण गोरिला कळला. आम्ही पोटं धरून हसलो. मीही. मग चौदा राउंड. त्या उकाड्यात, सकाळी. अमेरिकेतल्या माणसाला रात्री बघता यावं म्हणून मनिलात सकाळी लढवलं. फ्रेझर खाली वाकून पुढं पुढं येतोय, मार खातोय, पुढं येतोय. डोळे सुजून मिटलेत. समोरचा हात दिसत नाही तरी पुढं येतोय. पंधराव्या राउंडआधी त्याच्याच गुरूनं, एडी फचनं, लढत थांबवली. अली जिंकला आणि जागेवरच कोसळला.

आम्ही ओरडत होतो. मामा गप्प. कॅसेट संपली तेव्हा त्यानं विचारलं, "तो दुसरा कोन व्हता?"

"फ्रेझर."

"कुनाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. मामा बोलला, "अरे, ह्यो पन काळाच हाय ना? मंग माकड कोन कुनाला बोलतो?"

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण मामाचा प्रश्न अंगात रुतून राहिला, मिठागरावरच्या कुसळासारखा. पुढं जे मिळेल ते वाचत गेलो. मित्रांनो, फ्रेझर कोण होता ते ऐका.

दक्षिण कॅरोलिनातल्या बोफर्टचा. बारा पोरांतला शेवटचा. आईबाप शेतावर राबणारे. लहानपणी डुक्कर मागं लागलं, पडला, डावा हात मोडला. डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. हात वाकडाच जुळला, तो पुढं कधी पुरता सरळ झाला नाही. त्याच वाकड्या हाताचा ठोसा जगात गाजला. पोटासाठी फिलाडेल्फियाला गेला, कत्तलखान्यात लागला. मेलेल्या जनावरांच्या धुडांत. तिथंच लटकवलेल्या मांसावर गुद्दे मारून सराव करायचा. १९६४ ला टोकियोत मोडलेल्या अंगठ्यानं ऑलिंपिकचं सुवर्ण आणलं.

मेलेलं जनावर ओढणाऱ्याच्या पोरांना हे वाचून काय वाटायला पाहिजे? अली लुईव्हिलचा. त्याचा बाप पाट्या रंगवायचा, घर स्वतःचं होतं. वर्णानं दोघं एक, पण आपल्या वाड्यात आणून बसवला तर आपल्यासारखा जास्त दिसला असता फ्रेझर. अलीवर बंदी होती तेव्हा ह्याच फ्रेझरनं त्याला पैशाची मदत केली, त्याला परत खेळू द्या म्हणून शब्द टाकला. आणि अली परत आल्यावर त्याला काय म्हणाला? गोऱ्यांचा चमचा. अडाणी. कुरूप. गोरिला. जे शब्द गोऱ्यांनी दोघांसाठी बनवले होते तेच उचलून त्यानं भावाला मारले. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये फ्रेझरनं पंधराव्या राउंडला अलीला खाली पाडून लढत जिंकली, तरी काळ्या पोरांच्या लेखी तो फितूरच राहिला. त्याची पोरं शाळेत चिडवून घेत होती. २००१ साली अलीनं जाहीर माफी मागितली. तोवर पंचवीस-तीस वर्षं गेली होती. फ्रेझर २०११ ला गेला. त्याची तालीम आधीच बंद होऊन तिथं फर्निचरचं दुकान झालं होतं. त्याच्या फिलाडेल्फियात पुतळा आधी उभा राहिला तो रॉकी नावाच्या सिनेमातल्या गोऱ्या बॉक्सरचा, १९८२ मध्ये. जिवंत माणूस राबला, मांसावर गुद्दे मारले, ते सिनेमावाल्यांनी उचलून रॉकीला दिलं. फ्रेझरचा पुतळा झाला २०१५ ला. मेल्यावर चार वर्षांनी.

आणि पैसा कुणाचा होता? किन्शासात मोबुटूचा. हुकूमशहा. दोघांना पन्नास-पन्नास लाख डॉलर कबूल केले, देशातली जनता उपाशी. मनिलात मार्कोस, त्याची लष्करी राजवट चालू. त्याहून मागं जा. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक पाचसहा काळ्या पोरांना एकाच रिंगमध्ये सोडायचे, कित्येकदा डोळे बांधून. शेवटी उभा राहील त्याला पैसे फेकायचे. जॅक जॉन्सनसुद्धा पोरवयात असाच लढला होता.

हे वाचलं त्या दिवशी मला झोप आली नाही. चिखलातले चार आणे दिसत राहिले.

आता इथलं. पँथर १९७२ ला झाली, दोन वर्षांत फुटली, १९७७ ला बरखास्तीची घोषणा झाली. फुटीत कोण बरोबर, कोण चूक, ह्यावर पन्नास वर्षं कागद काळे झालेत, त्यात मी भर टाकत नाही. मी फक्त त्या काळातले शब्द आठवतो. दलाल. फितूर. कुणाच्या ताटातलं खाणारा. वरळीत शेजारी शेजारी डोकी फोडून घेतलेली माणसं एकमेकांना हे म्हणत होती. मामानं ते ऐकलं आणि गावाला आला तो परत सभेला गेला नाही. आमच्या रबराच्या गोरिलाचं नाव वेगळं होतं, एवढंच.

आणि आजचं. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं, सहा विरुद्ध एक, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली. त्यावर दोन मतं असणार. असू द्या. ज्याला वाटतं आपल्या वाट्याला आलं नाही त्यानं आकडे मागावेत, ज्याला वाटतं ह्यानं सगळ्यांचंच नुकसान होईल त्यानं ते मांडावं. कोर्टात जा, रस्त्यावर या, एकमेकांसमोर बसून कडाडून भांडा. पण माझ्या वाड्यातल्या एका पोराचा मोबाइल मी बघितला. वर अलीचा फोटो, मूठ वळलेला. खाली पुढं ढकललेला मेसेज, त्यात मातंग समाजाबद्दल असे शब्द की मुकादमानंही वापरले नसते. तिकडच्या पोरांच्या मोबाइलवर आपल्याबद्दल असलंच काही असेल, नाही कशाला म्हणू? मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" त्याला माहीत नाही. कुठून तरी आलंय. कुठून तरी म्हणजे कुठून, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

त्या पोराला मी सांगितलं ते इथं लिहितो. पुण्यात लहुजी साळवे नावाचे वस्ताद होते, मातंग. त्यांची तालीम होती. जोतीराव फुले त्या तालमीत तयार झाले. त्यांच्याच घराण्यातली मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली पोरगी. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्याचा विषय मांग-महारांचं दुःख. दोघांचं. मातंगांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं लिहायला घेतलं तेव्हा शीर्षकातच महार घेतला. तिला जे दिसलं ते आपल्याला हातात मोबाइल असून दिसत नाही?

पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही बॉक्सिंगचं सांगत होता ना, हे कुठं आणलं?"

तर बॉक्सिंगचंच सांगतो. १९९० च्या आसपास गव्हाण फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. वीटभट्टीकडं निघालेली माणसं एका ट्रकच्या सावलीला बसली होती. त्यातला एक माझ्याकडं बघून हसला. पुढचा दात नव्हता. मी ओळखलं, त्यानं तर आधीच ओळखलं होतं. काय बोलावं कळेना. त्यानंच विचारलं, "त्या चार आन्याचं काय घेतलास?"

मी बोललो, "बोरकूट आणि गोळ्या."

"येक तरी द्यायची व्हतीस," तो बोलला. रागानं नाही. आणि ट्रक सुरू झाला तसा उठून गेला.

मी अजून अलीचा फॅन आहे. २०१६ च्या जूनमध्ये तो गेला तेव्हा मी रडलो, लपवत नाही. ह्यूस्टनला जागचा न हललेला अली मला हवा आहे. रबराचा गोरिला बडवणारा अली माझ्या भिंतीवर नको. दोन्ही एकाच माणसात होते, जसे तुमच्या-माझ्यात आहेत. पोरांनो, फोटो लावा, खुशाल लावा. उलव्याच्या जिममध्ये पिशवी टांगलेली असेल तर तिला गुद्दे मारा, अंग कमवा, तेही लागतं. लढतही करा. फक्त समोर कुणाला उभं केलंय ते नीट बघा आणि त्याच्याशी हात उचलायच्या आधी सावलीला कोण बसलंय तिकडं एकदा नजर टाका. नाणं त्याच्याच हातात असतं.

जयभीम.